‘नेबॉब’ ही शिवी कोणाला आणि दोष कोणावर?

इंग्रजीने आपल्याकडून उचललेल्या शब्दांची यादी निघाली की तिच्यात बंगला, लूट, पंडित यांच्या जोडीला ‘नेबॉब’ हमखास असतो. आपला नबाब तिकडे जाऊन नेबॉब झाला आणि ‘गडगंज श्रीमंत माणूस’ हा अर्थ त्याला चिकटला. मग वाद सुरू होतो आणि तो नेहमी दोनच वाटांनी जातो. एक पक्ष म्हणतो, श्रीमंती म्हटली की साहेबालाही हिंदुस्थानच आठवला, ही आपल्या वैभवाची पावती आहे. दुसरा म्हणतो, मुळीच नाही. हा शब्द इंग्रजांनी स्वतःच्याच लुटारू माणसांना हिणवायला वापरला, त्यांच्यावर नाटके लिहिली, पार्लमेंटात चौकश्या लावल्या. आपल्याच माणसांना असे चव्हाट्यावर आणणाऱ्या समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी होती हे तरी कबूल करा. मला हे दोन्ही पक्ष पटत नाहीत. ‘नेबॉब’ हा आपला गौरव नव्हता आणि इंग्लंडचे प्रायश्चित्तही नव्हते. इंग्लंडच्या सनदेवर चालणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीने, इंग्लंडच्या सरकारला वाटा देऊन केलेली लूट त्या शब्दाने परकी ठरवली. लुटणारा इंग्रज होता. त्याच्या नावामागे हिंदुस्थानी पदवी लागली आणि लुटीची खोड हिंदुस्थानची झाली.

शब्दाचा प्रवास आधी पाहू. अरबीत नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. आपल्या तालुक्याच्या कचेरीत नायब तहसीलदार बसतात, तो हाच नायब. त्याच्या अनेकवचनाचा आदरार्थी वापर होऊन ‘नबाब’ झाला आणि मोगल अमदानीत बादशहाच्या वतीने मुलूख सांभाळणाऱ्याला ती पदवी मिळू लागली. पोर्तुगीजांनी तिचे ‘नबाबो’ केले आणि सतराव्या शतकाच्या आरंभी ती इंग्रजीत पोचली. पुढची दीडशे वर्षे इंग्रजीत तिचा अर्थ सरळ होता: हिंदुस्थानातला सुभेदार. तो पालटला १७६०च्या सुमारास. २३ जून १७५७ रोजी बंगालमध्ये प्लासीची लढाई झाली. वर्षाला पाच पौंड पगारावर मद्रासला कारकून म्हणून आलेल्या रॉबर्ट क्लाइव्हला बंगालच्या गादीवर बसवलेल्या मीर जाफरकडून २ लाख ३४ हजार पौंड मिळाले आणि पाठोपाठ वर्षाला सुमारे २७ हजार पौंड उत्पन्नाची जहागीर. त्याचे पाहून बाकीचे सरसावले. कंपनीची पोरसवदा कारकून मंडळी दहा-बारा वर्षांत गबर होऊन मायदेशी परतू लागली, इस्टेटी घेऊ लागली, पार्लमेंटातल्या जागा विकत घेऊ लागली. या परत आलेल्या इंग्रजांना इंग्लंड नेबॉब म्हणू लागले. ज्याच्या मुलखातून पैसा ओरबाडला त्याची पदवी ओरबाडणाऱ्याला मिळाली.

अभिमानवाल्यांचे उत्तर यातच आहे, पण त्यांच्यासाठी घरचा दाखला देतो. मराठीतला ‘बारगीर’ हा साधा फौजी शब्द, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द बंगालीत ‘बर्गी’ म्हणून गेला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून सुमारे दहा वर्षे बंगालवर चालून जात होत्या. गावे जळाली, विणकर आणि शेतकरी नदीपार पळाले आणि अखेर १७५१ मध्ये बंगालच्या नबाबाने, अलीवर्दी खानाने, वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली तेव्हा ते थांबले. बंगालमध्ये मुलांना झोपवताना म्हटल्या जाणाऱ्या एका अंगाईत हे बर्गी अजून येतात; देशात बर्गी आले, धान पाखरांनी खाल्ले, आता सारा कुठून भरायचा, असे त्यात आई विचारते. आपला शब्द दुसऱ्या भाषेत गेला म्हणून या ‘बर्गी’चा कोणी मराठी माणूस अभिमान धरील का? मग ‘नेबॉब’चा कशासाठी धरायचा? शब्द कोणत्या भाषेत शिरला यापेक्षा तो कोणत्या प्रसंगाने शिरला याला महत्त्व आहे. प्लासीनंतरचा प्रसंग आपल्या वैभवाचा नव्हता.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे इतके सहज मोडून काढता येत नाही आणि येऊही नये. १७७३ मध्ये क्लाइव्हच्या कमाईवर पार्लमेंटात खरोखर चौकशी झाली. त्याच वर्षी कंपनीच्या कारभाराला लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट आला, १७८४ मध्ये पिटचा इंडिया ॲक्ट आला. बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर फेब्रुवारी १७८८ पासून एप्रिल १७९५ पर्यंत, म्हणजे सात वर्षे, उमरावांच्या सभागृहापुढे महाभियोग चालला. त्या महाभियोगामागे पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क होता आणि बर्कच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. हिंदुस्थानावर लाटेमागून लाट येऊन आदळणाऱ्या या तरुणांना त्याने १७८३ मध्ये स्थलांतर करणारी शिकारी पाखरे म्हटले. म्हातारपणाचा लोभ आणि तरुणपणाचा आवेग एकाच अंगात घेऊन हे येतात, असे त्याचे वर्णन आहे. सात समुद्रांपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी आयुष्याची वर्षे खर्च करणारा राजकारणी त्या काळात दुसरीकडे दाखवा म्हटले तर मला दाखवता येणार नाही. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: आपले नबाब काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. मीर जाफरने गादीसाठी मालकाला, म्हणजे नबाब सिराज उद्दौलाला, दगा दिला, बंगालचे बडे सावकार जगत्सेठ यांनी त्या कटाला हातभार लावला. कंपनीला दार उघडून देणारे हात आतले होते.

एवढे सगळे कबूल केल्यावर प्रश्न उरतो तो असा की, ‘नेबॉब’ म्हणून ओरडणारे लोक नेमके कशावर ओरडत होते? लुटीवर, की लुटणाऱ्याच्या नवखेपणावर?

१७७० च्या जानेवारीत लॉर्ड चॅटम, म्हणजे थोरला विल्यम पिट, उमरावांच्या सभागृहात बोलायला उभा राहिला. आशियाची दौलत आमच्यावर ओतली गेली आहे, तो म्हणाला, आणि तिच्याबरोबर आशियाई चैनच नव्हे, तर आशियाई राज्यकारभाराची तत्त्वेही आली आहेत अशी मला भीती वाटते. परदेशी सोने आणणारी, इथल्या मातीशी नाते नसलेली ही माणसे लाचेच्या जोरावर पार्लमेंटात घुसली आहेत, असे त्याचे पुढचे म्हणणे. भाषण गाजले आणि आजही नेबॉबांचा विषय निघाला की तेच पुढे केले जाते. पण बोलणारा कोण होता हे कोणी पाहत नाही. चॅटमचा आजोबा थॉमस पिट. कंपनीची मक्तेदारी मोडून हिंदुस्थानात चोरटा व्यापार करून याने पैसा केला, त्या पैशाच्या बळावर सतराव्या शतकाच्या अखेरीस ओल्ड सेरम नावाचा मतदारसंघ विकत घेतला आणि पुढे त्याच कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला. गोवळकोंड्याच्या खाणीतला ४१० कॅरटचा एक कच्चा हिरा त्याने जामचंद नावाच्या जवाहिऱ्याकडून सुमारे २० हजार पौंडांना घेतला आणि तो पैलू पाडून १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १ लाख ३५ हजार पौंडांना विकला. तो हिरा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आणि ओल्ड सेरम? ती एक ओसाड टेकडी होती. मूठभर मतदार, तेही मालकाच्या मुठीतले, आणि तरी पार्लमेंटात दोन सभासद. १७३५ मध्ये विल्यम पिट पार्लमेंटात प्रथम गेला तो याच ओल्ड सेरममधून.

म्हणजे हिंदुस्थानच्या पैशावर घेतलेल्या जागेवरून ज्याच्या राजकारणाचा श्रीगणेशा झाला, तो हिंदुस्थानच्या पैशावर पार्लमेंटात येणाऱ्यांना परके म्हणत होता. मी त्याला ढोंगी म्हणून सोडून देणार नाही, कारण त्याने बाब फार हलकी होते. त्याला स्वतःला हे ढोंग वाटत नसणार. दोन पिढ्यांत तो पैसा जमिनीत मुरला होता, लग्नसंबंधांत मुरला होता, इंग्रज झाला होता. क्लाइव्हचा पैसा अजून मुरायचा होता एवढाच फरक. आणि तोही मुरलाच. क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड एका जुन्या उमराव घराण्याचा जावई झाला, १८०४ मध्ये अर्ल ऑफ पॉविस झाला आणि हिंदुस्थानातून आलेल्या चीजवस्तू वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात सन्मानाने मांडल्या गेल्या. १९१२ मध्ये लंडनला खुद्द क्लाइव्हचा पुतळा उभा राहिला, जो पुढे परराष्ट्र खात्याच्या दाराशी हलवला गेला. तोवर त्याला कोणी नेबॉब म्हणत नव्हते. शिवी एक पिढी टिकली, पैसा टिकून राहिला. लुटीबद्दलची शिवी असती तर लूट परत होईपर्यंत ती चालू राहायला हवी होती.

१७७२ मध्ये लंडनच्या हेमार्केट थिएटरात सॅम्युअल फूटने याच नावाचे नाटक लावले. त्यात नेबॉब सर मॅथ्यू माइट हिंदुस्थानातून परत येतो, एका जुन्या खानदानी घराला कर्जात गुंतवतो आणि कर्जाच्या बदल्यात त्या घरची मुलगी मागतो. शेवटी लंडन शहरात व्यापार करणारा त्या घरातलाच भाऊ पैसे मोजतो आणि अब्रू वाचते. प्रेक्षकांनी हे नाटक डोक्यावर घेतले. या नाटकात पीडित कोण आहे? इंग्लंडमधले एक जुने घराणे. दोनच वर्षांपूर्वी बंगालमध्ये जो दुष्काळ पडला, ज्यात लोकसंख्येचा तिसरा हिस्सा गेला असा हेस्टिंग्जचाच अंदाज होता, त्यातला एकही माणूस तिथे पीडित म्हणून उभा नाही. तिथले हाल माइटच्या दुष्टपणाचा पुरावा म्हणून येतात आणि जातात. आणि सुटका करणारा तो लंडनचा सज्जन व्यापारी? त्याचा पैसा कोठून आला हे कोणी विचारत नाही. तो नेबॉब नाही, एवढे पुरेसे ठरते.

आता सरकारच्या वाट्याकडे येऊ, कारण माझ्या मते वादाचा गाभा इथे आहे आणि नेमका तोच कोणी उचलत नाही. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क. दोन वर्षांच्या आत, १७६७ मध्ये, ब्रिटिश सरकारने त्या उत्पन्नात आपला वाटा ठरवून घेतला: दर साल ४ लाख पौंड. क्लाइव्हला प्लासीनंतर एकदा मिळाले त्याच्या पावणेदोनपट रक्कम, आणि ती दरवर्षी. दुष्काळाच्या काळातही वसुली थांबली नाही. माणसे मेलेली असताना १७७१ ची वसुली १७६८ पेक्षाही जास्त झाली, हे हेस्टिंग्जने स्वतः वरिष्ठांना लिहून कळवले. जे मेले त्यांचा सारा जगलेल्यांकडून घेतला गेला. मग १७७२ मध्ये कंपनी बुडायला आली, सरकारकडून १४ लाख पौंडांचे कर्ज घ्यावे लागले, आणि तेव्हा पार्लमेंटाला कंपनीच्या नोकरांचे वर्तन एकाएकी असह्य झाले. क्लाइव्हवरची चौकशी त्या गदारोळातली आहे. तिचा शेवट काय झाला? त्याने २ लाख ३४ हजार पौंड घेतले हे सभागृहाने नोंदवले आणि त्याच बैठकीत त्याने देशाची थोर सेवा केली हेही नोंदवले. एक पौंडही परत मागितला नाही. मागणार तरी कसा? क्लाइव्हने मुलूख मिळवला नसता तर ते वार्षिक ४ लाख आले असते कोठून?

इथे कोणी म्हणेल, श्रीमंत झालेल्या उपऱ्याला हिणवणे ही सगळ्याच समाजांची रीत आहे, त्यात हिंदुस्थानचा संबंध कसला? याची परीक्षा करता येते. त्याच काळात इंग्लंडमध्ये दुसरा एक नवश्रीमंत वर्ग होता: वेस्ट इंडीजमधले ऊसमळेवाले. त्यांची संपत्ती गुलामांच्या कष्टावर उभी होती. तेही पार्लमेंटात जागा विकत घेत. त्यांचीही टिंगल होई, हे खरे. पण जमेकात मळे असलेला विल्यम बेकफर्ड दोनदा लंडनचा लॉर्ड मेयर झाला, चॅटमचा तो खंदा साथीदार होता आणि मेल्यावर गिल्डहॉलमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली गेली आणि ती मिळाली मालकांना. आफ्रिकी सरदाराची पदवी या मळेवाल्यांना कोणी बहाल केली नाही आणि गुलाम राबवण्याच्या त्यांच्या पद्धतीला कोणी आफ्रिकी रीत म्हटले नाही. हिंदुस्थानच्या बाबतीत मात्र दोष त्या भूमीच्या अंगी लावण्याची सोय होती, कारण ‘पौर्वात्य जुलूम’ ही कल्पना युरोपात आधीपासून तयार होती. नेबॉब हा शब्द त्या तयार कल्पनेत चपखल बसला. मोगलांवरून आलेला ‘मोगल’ आणि जपानी शोगुनांच्या बिरुदावरून एकोणिसाव्या शतकात आलेला ‘टायकून’ हे पैसेवाल्यांचे इंग्रजी शब्दही आशियाई सत्ताधीशांचेच आहेत. इंग्रजीत देशी शिव्या नाहीत असे नाही, अमेरिकेने आपल्या रेल्वे आणि तेलवाल्यांना लुटारू बॅरन म्हटलेच. पण डोक्यावर बसलेल्या श्रीमंतासाठी पूर्वेकडे धाव घेण्याची सवय जुनी आहे.

खरा नबाब आणि नेबॉब समोरासमोर आले की काय होते हे पाहायचे तर तंजावरला जावे लागते, आणि ती गोष्ट आपली आहे. व्यंकोजीराजांनी स्थापलेल्या या मराठी राज्यावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुळजाराजे होते. शेजारी अर्काटचा नबाब महंमद अली. तो कंपनीच्या मद्रासच्या नोकरांच्या कर्जात आकंठ बुडालेला. कर्ज देणारे हे लोक दिवसा कंपनीचे अधिकारी आणि बाकी वेळ नबाबाचे सावकार. कर्ज फिटावे म्हणून नबाबाला मुलूख हवा होता आणि मुलूख मिळवून द्यायला कंपनीची फौज होती. १७७३ मध्ये त्या फौजेने तंजावर घेतले आणि तुळजाराजे कैदेत पडले. लंडनहून राज्य परत देण्याचा हुकूम आला, मद्रासचा गव्हर्नर पिगट १७७६ मध्ये तंजावरला जाऊन राजांना गादीवर बसवून आला, तोच पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक दुय्यम नोकर उभा राहिला. तंजावरच्या महसुलावर आणि शेतात उभ्या असलेल्या पिकावर नबाबाने आपल्याला कर्जापोटी हक्क लिहून दिला आहे, असा त्याचा दावा होता. कावेरीच्या खोऱ्यातले भात अजून कापायचे होते आणि त्याचा मालक मद्रासमध्ये ठरून गेला होता. पिगटने दावा नाकारला. त्याच्याच कौन्सिलातल्या लोकांनी त्याला अटक केली आणि पुढच्या वर्षी तो कैदेतच मेला. बेनफील्ड १७८० मध्ये क्रिकलेड मतदारसंघातून पार्लमेंटचा सभासद झाला.

या व्यवहारात महंमद अली निर्दोष नव्हता. त्याची हाव उघड होती आणि तुळजाराजांच्या रयतेने तिची किंमत मोजली. पण पैसा कोणाकडे गेला ते पाहा. १७८४ च्या कायद्याने ही कर्जे तपासावीत असे म्हटले होते. त्या कायद्याला ज्याचे नाव आहे तो धाकटा पिट पंतप्रधान होता, चॅटमचा मुलगा आणि त्या हिरेवाल्या थॉमस पिटचा पणतू. त्याच्याच सरकारने तपासणी बाजूला ठेवून कर्नाटकच्या, म्हणजे अर्काटच्या नबाबाच्या मुलखाच्या, महसुलातून कर्जे फेडण्याचा हुकूम दिला. फेब्रुवारी १७८५ मध्ये बर्कने त्यावर घणाघाती भाषण केले आणि ठराव हरला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: हिंदुस्थानातून परतणाऱ्या प्रत्येक नोकराने बरोबर आणलेल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी. एवढे एक कलम टिकले असते तर नेबॉब या शब्दाची गरजच उरली नसती, कारण मग शिवीच्या जागी हिशेब आला असता. १७८६ मध्ये ते रद्द झाले. सगळे इंग्लंड नेबॉबांवर तोंडसुख घेत होते त्याच वर्षांत हे घडले. समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी होती म्हणणाऱ्यांनी या कलमाचे काय झाले ते आधी सांगावे.

आणि सुधारणा झाली ती कोणत्या समजुतीवर? १७८६ मध्ये कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल म्हणून आला. त्याने कंपनीच्या नोकरांचा खासगी व्यापार बंद केला, पगार भरघोस वाढवले. ही चांगली गोष्ट होती. पण हिंदुस्थानचा प्रत्येक माणूस भ्रष्ट आहे अशी त्याची पक्की खात्री होती, आणि १७९३ पर्यंत वर्षाला ५०० पौंडांवरच्या जागा इंग्रज सनदी नोकरांसाठी राखून ठेवल्या गेल्या. म्हणजे लाच इंग्रजाने खाल्ली, त्याला उपाय म्हणून इंग्रजाचा पगार वाढला आणि हिंदुस्थानी माणूस नोकरीतून गेला. ‘नेबॉब’ शब्दात जे गृहीत धरले होते त्याचाच हा कायदा झाला. इंग्रज बिघडला तो हिंदुस्थानच्या संगतीने. मग संगत तोडा. ज्यांना हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटतो त्यांनी पुढची शंभर वर्षे आपल्या लोकांना वरच्या जागांसाठी किती झगडावे लागले ते आठवावे.

त्यानंतर नेबॉब दिसेनासे झाले, पैसा जायचा मात्र थांबला नाही. तो आता पगार, पेन्शन, व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च अशा नावांनी कायदेशीरपणे जाऊ लागला. मुंबईच्या भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये ‘एक हिंदू’ या सहीने बॉम्बे गॅझेटमध्ये आठ पत्रे लिहून हे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. पुढे दादाभाई नौरोजींनी त्याचे आकड्यांसह शास्त्र केले. दोघांपैकी कोणालाही खलनायक म्हणून एखादा नेबॉब शोधावा लागला नाही. व्यवस्थाच तशी आहे हे त्यांना दिसले होते. त्यांच्याही आधी, १७८० च्या सुमारास, पाटण्याच्या गुलाम हुसेन खानाने आपल्या फारसी इतिहासात लिहून ठेवले की, हे इंग्रज काही वर्षांसाठी येतात आणि नेता येईल तेवढा पैसा घेऊन मायदेशी जातात. बर्क जे पार्लमेंटात सांगत होता तेच, फक्त ते सोसणाऱ्या बाजूने.

बर्कचे मोठेपण यात आहे की, त्याला हा शब्दाचा सापळा दिसला होता. हेस्टिंग्जच्या बाजूने युक्तिवाद होता की, आशियात राज्य चालवायचे तर आशियाच्या रीतीनेच चालवावे लागते. बर्कने त्याला ‘भौगोलिक नीती’ असे नाव दिले आणि ठणकावून सांगितले की, विषुववृत्त ओलांडले म्हणून सद्गुण मरत नाहीत. लाच ही इथेही लाच आहे आणि तिथेही. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. नेबॉब म्हणून हिणवणारा आणि हेस्टिंग्जचा वकील वरवर एकमेकांचे शत्रू, पण दोघांच्या मनात एकच गोष्ट होती: तिकडची रीत तशीच असते. एक म्हणत होता म्हणून माफ करा, दुसरा म्हणत होता म्हणून ती घाण इकडे आणू नका. बर्क दोघांच्याही विरुद्ध होता आणि तो हरला. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, कंपनीने त्याला वर्षाला ४ हजार पौंडांची नेमणूक करून दिली.

हे सगळे अडीचशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून द्यावे, तर तसे होत नाही. १९९४ मध्ये ब्रिटनने १० लाख पौंड गुंतवणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देणे सुरू केले, पुढे रक्कम २० लाखांवर गेली. १९९०च्या दशकात सरकारी खाणी आणि तेलकंपन्या मातीमोलाने पदरात पाडून घेतलेले रशियन त्या दाराने लंडनला आले. घरे घेतली, फुटबॉल क्लब घेतले, संस्थांना देणग्या दिल्या. तेव्हा त्यांना गुंतवणूकदार आणि दानशूर म्हणत. २०२० मध्ये पार्लमेंटच्याच समितीने लिहिले की, हा पैसा कोठून आला याबद्दल फारसे प्रश्न न विचारता त्याचे स्वागत झाले आणि वकील, हिशेबनीस, घरांचे दलाल यांनी, जाणून वा नकळत, त्याला हातभार लावला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला होण्याच्या काही दिवस आधी तो परवाना बंद झाला आणि तीच माणसे सर्वांच्या तोंडी ‘ऑलिगार्क’ झाली. मूठभरांची सत्ता या अर्थाचा हा ग्रीक शब्द ॲरिस्टॉटलच्या काळापासून कोणत्याही देशाला लागू पडणारा आहे; वापरात मात्र तो रशियाचा झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे मावळते अध्यक्ष बायडन यांनी तो आपल्याच देशाबद्दल वापरला तेव्हा खळबळ उडाली ती त्यामुळेच.

आपण यातून सुटलेलो आहोत असे कोणी समजू नये. मराठीत चिक्कू माणसाला अजून ‘मारवाडी’ म्हणतात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. बघता बघता लोण नगर जिल्ह्यात पोचले. शेतकऱ्यांचा राग खरा होता आणि त्यांची नाडवणूकही खरी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण चौकशी आयोगाला असे आढळले की, ज्या गावांत मारवाडी आणि ब्राह्मण असे दोन्ही सावकार होते तिथे बहुधा मारवाड्यालाच मार बसला. सावकारी एकच, खाती तशीच, व्याज तसेच. परका म्हणून ओळखता येणारा तेवढा सापडला. आणि त्या सावकाराच्या मागे काय होते? रोखीत आणि ठरल्या तारखेला भरावा लागणारा सरकारी सारा, अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच कोसळलेला कापसाचा भाव, आणि अंगठा उठवलेल्या कागदावरून जमीन सावकाराच्या नावे करून देणारे इंग्रजी दिवाणी कोर्ट. सरकारलाही दोष सावकारावर राहणे सोयीचे होते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला, कर्जापायी होणारी कैद थांबवली, सावकाराच्या हुकूमनाम्याला लगाम घातला. ज्या साऱ्यासाठी शेतकरी त्या सावकाराच्या दारात जात होता, त्याच्या पद्धतीला त्या कायद्याने हात लावला नाही.